मगरी जगतात, मग विश्वामित्रीचं पाणी बरं असेल ना?

पावसाळा सरला की वडोदऱ्यातल्या विश्वामित्री नदीच्या वासाबद्दलची पत्रं वाढतात. पात्रात स्वतःचं पाणी फारसं उरत नाही आणि शहराचं सांडपाणी उघडं पडतं. यंदा आलेल्यांपैकी पाच प्रश्न घेतो.

आम्ही सयाजीबागेजवळ राहतो. पुलावरून मगरी रोज दिसतात. पाणी खरंच इतकं वाईट असतं, तर त्या जगल्या असत्या का?

जगल्या असत्या, आणि जगतातच. मगर नाक वर काढून हवा घेते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपला तरी तिचा श्वास अडत नाही. अडतो तो माशांचा. तेव्हा नदीची प्रकृती मगरीला विचारू नका, बाटलीला विचारा.

काचेच्या बुचाच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं. त्यात मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली सोडायचा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका पडतो, नसेल तर साका पांढराच राहतो. विंकलर या रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये दिलेली ही पद्धत आजही चालते. एका एप्रिलमध्ये पुलाखालून आणलेल्या पाण्यात मी तो पांढरा साका पाहिला. बाटली हलवली, पुन्हा हलवली, रंग काही आला नाही. पाणी तपासण्याच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या गोष्टींनी मला इतकं अस्वस्थ केलं.

मगरीला धोका नाही असं मात्र नाही. तिचा धोका सावकाश येतो. डीडीटीसारखी कीटकनाशकं पाण्यात जेमतेम विरघळतात, पण चरबीत साठतात. गाळातून किड्यात, किड्यातून माशात आणि माशातून मगरीत जाताना त्यांचं प्रमाण दर पायरीला वाढतं. फ्लोरिडातल्या अपोप्का तलावात १९८० मध्ये डायकोफॉल हे कीटकनाशक आणि डीडीटी सांडलं. पुढे जीवशास्त्रज्ञ लुई गिलेट आणि सहकाऱ्यांना तिथल्या अॅलिगेटरांत, म्हणजे मगरीच्या भाऊबंदांत, संप्रेरकांचे बिघाड आढळले, अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाणही घसरलेलं होतं. मोठी अॅलिगेटरं मात्र पाण्यात फिरताना दिसतच होती. म्हणून आपल्या मगरींच्या बाबतीतही नुसती डोकी मोजून भागणार नाही, अंडी आणि गाळ दोन्ही तपासायला हवेत.

टीडीएस मीटर घेतला आहे. त्यानं नदीचं किंवा बोअरचं पाणी तपासता येईल का?

क्षार कळतील, सेंद्रिय प्रदूषण कळणार नाही. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. बेंझीन किंवा बहुतेक कीटकनाशकं वीज वाहून नेत नाहीत. पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच्या शंभरपट असलं तरी तुमच्या मीटरचा आकडा जागचा हलणार नाही.

मी एमएस्सी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एका नाल्याच्या नमुन्यात सीओडी ९२० आला आणि बीओडी फक्त ४५. सर म्हणतात माझं टायट्रेशन चुकलं. खरंच चुकलं असेल का?

टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं केलेलं ते मोजमाप, पुन्हा कर, त्यात कमीपणा नाही. पण आकडे खरे असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते हे दोन्ही आकडे सांगतात. सीओडीत तू नमुना डायक्रोमेट या जाळणाऱ्या रसायनात आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात १५० अंशांवर दोन तास उकळतेस. त्यात जवळजवळ सगळंच जळतं. बीओडीत मात्र काम जिवाणूंचं असतं, आपल्याकडच्या प्रमाणित पद्धतीत २७ अंशांवर तीन दिवस. जे ते खातील तेवढंच मोजलं जातं. घरगुती सांडपाण्यात सीओडी साधारण बीओडीच्या दुप्पट असतो. तुझा वीसपट आहे. म्हणजे पाण्यातलं द्रव्य एकतर जिवाणूंना पचत नाही, नाहीतर ते जिवाणूंनाच मारतंय.

यातलं काय घडतंय ते शोधायची सोपी वाट आहे. एकाच नमुन्याची तीन-चार वेगवेगळी विरलनं लाव. जास्त पातळ केलेल्या बाटलीतून हिशेबानं येणारा बीओडी चढत गेला, तर पाण्यात विष आहे, कारण पातळ झाल्यावर जिवाणू सावरले. सगळ्या बाटल्यांतून आकडा सारखाच आला, तर ते द्रव्य न पचणारं असावं. सोबत ग्लुकोज-ग्लुटामिक आम्लाची बाटली ठेव, तिचा बीओडी आधीच ठाऊक असतो, म्हणजे बीज म्हणून घातलेले जिवाणू धडधाकट आहेत की नाहीत तेही कळेल.

सीओडीवरही आंधळा विश्वास नको. पाण्यात मीठ असेल तर क्लोराइडसुद्धा डायक्रोमेट खातं आणि आकडा फुगतो. क्लोराइडला बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घातलंस ना? उलट पिरिडिन या उकळीतही नीट जळत नाही, तिथे आकडा कमी दिसतो. शिवाय सीओडी किती आहे ते सांगतो, कोण आहे ते सांगत नाही. त्यासाठी नमुना विद्रावकात ओढून घेऊन जीसी-एमएसवर, म्हणजे द्रव्यांची वाफ करून ती वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, चढवावा लागेल. औषधांचे अंश आणि बरेचसे रंग उष्णतेनं वाफ होण्याआधी मोडतात. त्यांना एलसी-एमएस लागेल, ते द्रव्यं द्रवातच वेगळी करतं.

आणि एक कळकळीची विनंती. सीओडीच्या उरलेल्या द्रवात पारा, चांदी आणि क्रोमियम असतं. तो सिंकमध्ये ओतू नकोस. प्रदूषण मोजणाऱ्या प्रयोगशाळेतूनच पारा नाल्यात जाताना मी पाहिला आहे.

पादरा तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. बोअरच्या अहवालात फिनॉलपुढे ‘आढळले नाही’ लिहिलंय. म्हणजे निर्धास्त राहू?

दादा, अहवाल पुन्हा उघडा आणि त्या ओळीत शोधमर्यादा दिली आहे का बघा. त्या यंत्रावर, त्या पद्धतीनं जेवढ्याच्या खाली काही दिसतच नाही, तो हा आकडा. फिनॉल म्हणजे कारखान्यांच्या सांडपाण्यात येणारं विषारी द्रव्य. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेची शोधमर्यादा ०.१ असेल, तर जवळजवळ शंभरपट फिनॉल असलं तरी अहवालात ‘आढळले नाही’च येईल. क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेऊन रंग मोजणाऱ्या पद्धतीनं ०.००१ पर्यंत पोचता येतं. ती पद्धत नाव घेऊन मागा. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला हीच मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. म्हणजे नियमात बसणारं सांडपाणीसुद्धा हजारपट पातळ झाल्याशिवाय पिण्याच्या मापात येत नाही.

ही मापं डोळ्यांपुढे यावीत म्हणून सांगतो. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या आणि त्यात साखरेचे एक-दोन दाणे टाका. ते झालं लिटरला साधारण एक मायक्रोग्रॅम. तुमच्या फिनॉलची मर्यादा एवढीच आहे.

याची उलट बाजूही असते. एका गावाच्या विहिरीच्या नमुन्यात मला यंत्राच्या आलेखावर १४९ वस्तुमानाचं ठळक शिखर मिळालं होतं. ती थॅलेटची, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्याची खूण. अहवाल लिहायला बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या ताईंनी विचारलं, “ब्लँक लावलाय का?” नव्हता लावला. शुद्ध पाण्याची बाटली त्याच वाटेनं नेली, तर तिथेही तेच शिखर, तेवढंच उंच. थॅलेट विहिरीत नव्हतं, आमच्याच मऊ नळीतून येत होतं. त्या दिवसानंतर ब्लँकशिवाय अहवालावर सही केली नाही. तुमच्या प्रयोगशाळेलाही ब्लँकचा आकडा विचारा. चांगले लोक तो आनंदानं दाखवतात.

घराजवळच्या कांसेत (उघड्या नाल्यात) पहाटे फेस आणि औषधासारखा वास येतो. नमुना आम्हीच भरून नेला तर चालेल का? पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली पुरेल?

कायदेशीर कारवाईसाठी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं रीतसर घेतलेलाच नमुना लागतो. पण नेमकं काय शोधायचं हे ठरवायला तुमचा नमुना नक्की उपयोगी पडेल.

प्लास्टिकची बाटली नको, मऊ नळीचा किस्सा वर सांगितलाच. गडद तपकिरी काचेची, प्रयोगशाळेतून धुऊन आलेली बाटली घ्या आणि बुचाच्या आत टेफ्लॉनचं अस्तर आहे का बघा. वासाच्या द्रव्यांसाठी ती काठोकाठ भरा, वर हवेला जागा ठेवू नका. तेलासाठी वेगळी बाटली घ्या आणि ती नाल्याच्या पाण्यानं विसळू नका, काचेला तेल चिकटून आकडा चुकतो. फेसासाठी मेथिलीन ब्लूची चाचणी सांगा. डिटर्जंट असेल तर खालचा क्लोरोफॉर्मचा थर निळा होतो. फेस कुजलेल्या पाल्याचाही असू शकतो, म्हणून ही चाचणी वगळू नका. बाटल्या बर्फात ठेवून त्याच सकाळी पोचवा, पण गोठू देऊ नका.

आणि वास पहाटे येत असेल तर पहाटेच भरा. दुपारी बाराला भरलेल्या बाटलीत दुपारचंच पाणी असणार. तारीख आणि वेळ चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा. मार्करच्या शाईत विद्रावक असतात आणि ते जीसीवर हमखास दिसतात.