पिरूलच्या सुया कुंच्यातून का गळतात

राणीखेतच्या घरामागे पडलेल्या पाइनच्या वाळक्या सुया, म्हणजे पिरूल, गोळा करून तुम्ही हातकुंचे बांधलेत, पण दोन दिवसांतच सुया गळायला लागल्या. आता गोंद लावू का, असं विचारलंय. गोंद नको. सुयांच्या बुडाची टोपणं तुम्ही काढून टाकलीत, खरी गोम तिथे आहे.

टोपली विणायच्या व्हिडिओंमध्ये टोपणं काढायला सांगतात, आणि टोपलीसाठी ते बरोबरच आहे. कुंच्याचं उलट. चीर पाइनच्या तीन-तीन सुया बुडाशी एका तपकिरी, खरबरीत टोपणात धरलेल्या असतात. एक झुबका बोटांत धरून बघा, टोपण सुयांपेक्षा जाड लागेल. सगळी टोपणं एका बाजूला घेऊन त्यांच्या लगेच खाली दोरा आवळला, की सुई कितीही ओढली तरी टोपण दोऱ्याला अडतं. ते काढलं की उरते गुळगुळीत काडी, ती झाडताना निसटणारच.

झुबक्यात तीनऐवजी पाच सुया असतील तर तो कैल, म्हणजे पाइनचीच दुसरी जात. तो मऊ असतो, धूळ झटकायला छान, पण जोर लावून झाडायला नाही. देवदाराच्या सुया इतक्या आखूड की त्यांचा विचारच सोडा. चीरची सुई वीस ते तीस सेंटिमीटर भरते, हातकुंच्याला याहून चांगलं काही नाही.

सुया एप्रिल ते जूनमध्ये गळतात, तेव्हाच्या ताज्या तांबूस सुया घ्या. करड्या पडलेल्या मोडतात आणि पावसात भिजलेल्या काळ्या पडून कुजतात. स्वतःच्या आवारातल्या खुशाल वेचा, जंगलातल्या घ्यायच्या तर आधी वनपंचायतीत, म्हणजे गावाचं जंगल सांभाळणाऱ्या समितीत, विचारा. उतारावर पिरूलवरून पाय सटकतो, जपून. त्या दिवसांत वणव्याला हेच पिरूल खाद्य पुरवतं. २०२४ मध्ये उत्तराखंड सरकारने ते किलोला ५० रुपयांनी विकत घेण्याची मोहीम जाहीर केली, ती त्याचसाठी. म्हणूनच एखाद्याने कुंच्यासाठी दोन पोती वेचली तरी मला मनापासून आनंद होतो.

सुया कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. बांधण्याआधी थोडा वेळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे तुटणार नाहीत. पण चिंब भिजवून बांधू नका: ओली सुई फुगलेली असते, वाळली की आक्रसते आणि घट्ट बांधलेली मूठही ढिली पडते. तुमच्याकडे हेही झालं असावं.

बांधणीत गाठीपेक्षा ताण महत्त्वाचा. मेण चोळलेल्या सुती दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. टोपणं ठोकून सारखी केलेली जुडी दोन्ही हातांत धरा, टोपणांखाली दोऱ्याचे दोन वेढे घ्या आणि मागे रेलून जुडी फिरवत गजाकडे या. अंगाचं वजन दोऱ्यावर आलं की वेढे सुयांत रुततात, नुसत्या मनगटाच्या जोराने ते होत नाही. वेढा वेढ्याला चिकटून बसला पाहिजे. चार बोटं रुंदीची मूठ झाली की थांबा. शेवटचे पाच-सहा वेढे घेण्याआधी मुठीवर वेगळ्या दोऱ्याचा दुहेरी फास उभा ठेवा, त्यावरूनच ते वेढे घ्या, टोक फासात ओवा आणि फास ओढून काढा. टोक वेढ्यांखाली जातं, वर गाठ दिसत नाही. मग दाभणाने मुठीतून आरपार दोन टाके घाला. दोन दिवस सावलीत टांगून ठेवा. वेढे बोटाने हलले तर सोडून पुन्हा बांधा. ही दुसरी बांधणी टाळू नका, कुंचा टिकतो तो तिच्यामुळे.

टोकं मात्र शेवटी कापा. लांब ठेवली तर देव्हारा, फडताळ, जात्याभोवतीचं पीठ यांसाठी मऊ कुंचा मिळतो. मुठीपासून पाच-सहा सेंटिमीटरवर कापली तर ताठ होतो, खिडकीच्या खाचा आणि कुंडीची माती त्याने निघते. चुलीची राख ओढायला यातला एकही वापरू नका, सुईत राळ असते आणि ठिणगी पडताच पेटते. ओल्या फरशीलाही नको. काम झालं की झटकून, टोकं खाली करून खिळ्याला अडकवा. टोकांवर उभा ठेवलेला कुंचा कायमचा वाकतो.