मंद लटाकिया पाणचट लागतोय? डब्याला दोष देण्याआधी पावसाकडे बघा

साताऱ्याहून तुम्ही लिहिलंय की जुलैत पाइपच्या तंबाखूचा 'माइल्ड' म्हणजे मंद लटाकिया मिश्रणाचा डबा फोडला (लटाकिया म्हणजे धुरी देऊन काळं केलेलं तंबाखूचं पान), वास झकास, चुलीजवळ वाळत घातलेल्या घोंगडीसारखा. पण पाइपात भरली की पहिले चार झुरके सोडले तर नुसती कोमट वाफ, दर दोन मिनिटांनी विझते, तळाशी गुरगुर, आणि शेवटी जीभ पोळलेली. वर तीन प्रश्न: माल बनावट आहे का, 'माइल्ड' म्हणजे असंच असतं का, आणि आता याहून जास्त लटाकियाचं काही मागवू का. वाचताना आपलीच जुनी वही उघडल्यासारखं वाटलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कंटाळवाणं पण खरं ते. पाइपचा धूर फुप्फुसात ओढला नाही तरी तोंडाला, घशाला अपाय करतोच. ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका. तुम्ही आधीपासूनचे आहात हे धरूनच पुढचं. पाइप भरणं, दोनदा पेटवणं, दाबणीने राख बसवणं हे येतं असंही धरतो.

तुमच्या पोस्टमधली एकच ओळ मला खटकली: "सांगितल्याप्रमाणे डबा रात्रभर उघडा ठेवून हवा लागू दिली." सगळं तिथेच बिघडलं. हा सल्ला प्रत्येक परदेशी माहितीपत्रकात असतो आणि आपल्याकडचे विक्रेतेही तो जसाच्या तसा पुढे ढकलतात. मला विकणाऱ्यानेही ढकलला होता. आजवर माझा सगळ्यात जास्त माल याच एका ओळीपायी वाया गेला. तिकडे हिवाळ्यात घर तापवलेलं असतं आणि आतली हवा कोरडीठाक. रात्रभरात पान आपोआप वाळतं. जुलैत साताऱ्यात दाराचं लाकूड फुगून कडी बसत नाही, मीठ बरणीत पाझरतं. त्या हवेत उघडं ठेवलेलं पान वाळत नाही, पाणी पितं.

हिशेब साधा आहे. पाइपला पानात साधारण १२ ते १४ टक्के ओलावा मानवतो, आणि हवेची आर्द्रता ६० ते ६५ टक्के असली की पान आपोआप तिथे येऊन थांबतं. डब्यातून निघताना ते बहुधा १६ ते २० टक्क्यांवर असतं, कारण कारखान्याला ते डब्यात सुकू द्यायचं नसतं. पावसाळ्यात ८५-९० टक्क्यांच्या हवेत ते वीसच्याही वर सरकतं. मग निखाऱ्याची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते, तो विझायला लागतो, तुम्ही तो जिवंत ठेवायला जोरात ओढता, वाफ जिभेवर येते आणि मिश्रणातल्या व्हर्जिनिया या गोडसर पानातली साखर करपते. लटाकियाचा जो धुरकटपणा आहे तो लाकडाच्या धुरातून पानावर बसलेला असतो. मंद मिश्रणात तो मुळात थोडा, त्यामुळे या गडबडीत सगळ्यात आधी तोच हरवतो. जीभ पोळली ती लटाकियाने नाही. त्याच्यात साखर जवळजवळ उरलेलीच नसते, तो थंड आणि सावकाश जळतो.

आता मोजायचं कसं. सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. डब्यातून २ ग्रॅम पान काढा, ओटीजीत (छोट्या विजेच्या भट्टीत) १०० अंशावर तास-दीड तास ठेवा, वजन घटायचं थांबलं की बघा. समजा १.६४ ग्रॅम उरलं, तर तुमच्या डब्यात १८ टक्के पाणी होतं. हे २ ग्रॅम गेले असं समजा, ओढू नका. पाइपासाठी दुसरे २ ग्रॅम घ्या. १३ टक्क्यांवर आणायचं तर सुकं वजन ०.८७ ने भागायचं: १.६४ भागिले ०.८७ म्हणजे १.८९. म्हणजे २ ग्रॅमचे १.८९ होईपर्यंत वाळवायचं, जेमतेम ०.११ ग्रॅमचा खेळ. तुमच्या उघड्या राहिलेल्या डब्यात २२ टक्के निघाले तर सुकं १.५६ आणि लक्ष्य १.७९. काही मिश्रणांत ओलावा धरून ठेवणारं प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं. त्यात हा आकडा थोडा फसवतो आणि पान वाळूनही चिकट लागतं. म्हणून बोटांनाही विचारा: चिमूट दाबून सोडली की गोळा तसाच राहिला तर ओलं, हळूहळू उमललं तर बरोबर, कुरकुरलं तर गेलं.

पावसात वाळवायचं कुठे? जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब फूटभर उंचीवर, खाली चिनीमातीची बशी, पान एकेरी पसरलेलं, दर पाच मिनिटांनी हलवायचं आणि वजन बघायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एलईडीचा दिवा काही कामाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. बल्ब नसेल तर काचेच्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून पान वेगळ्या वाटीत ठेवा, पण तासातासाने बघा, विसरलात तर चुरा हाती येईल. मायक्रोवेव्ह आणि तवा नकोच. त्याने पानाची कड करपते आणि मग प्रत्येक मिश्रणाला 'धुरकट' म्हणायला लागाल.

सांगलीकरांसाठी उलटं. एप्रिलच्या दुपारी तिकडे पान पंख्याखाली पंधरा मिनिटांत पापड होतं. वाजवीपेक्षा सुकलं तर गवतासारखं भडकून जळतं, तेही पोळतंच. परत ओलं करायचं तर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने वाटीचं तोंड झाकायचं, फडकं पानाला टेकू द्यायचं नाही, अर्ध्या तासाने बघायचं. सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल टाकायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. आपल्याकडे त्याला दोन दिवसांत बुरशी धरते.

आता 'माइल्ड'. या एका शब्दात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात: निकोटिन, लटाकियाचं प्रमाण आणि खोलीत राहणारा वास. लटाकियाचा वास कितीही दांडगा असला तरी त्यात निकोटिन कमीच. डोकं गरगरतं ते बर्ली जातीच्या पानाने किंवा दणकट व्हर्जिनियाने. म्हणून 'फुल' (भरगच्च) लिहिलेला इंग्लिश मिक्श्चर, म्हणजे लटाकियाचं मिश्रण, तुम्हाला निकोटिनला हलका लागू शकतो आणि 'माइल्ड' लिहिलेला दुसरा एखादा गरगरवू शकतो. पूर्वी डनहिलच्या आणि आता पीटरसनच्या नावाने मिळणारं अर्ली मॉर्निंग पाइप हे मंद घराण्यातलं: व्हर्जिनिया, ओरिएंटल (बारीक, सुगंधी पान) आणि बेताचा लटाकिया. त्याच घरचं माय मिक्श्चर ९६५ जास्त भरीव, त्यात कॅव्हेंडिश (वाफवून-दाबून गोडसर केलेलं पान) पण आहे. तुम्ही ओल्या पानावर रागावून थेट या दुसऱ्यावर उडी मारणार, पण ओल्या पानाने तेही पाणचटच लागेल, पैसे मात्र जास्त जातील.

बनावट आहे का, हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळतं. रिबन कापणी (फितीसारखी पातळ पाती) असेल तर २ ग्रॅम वाळलेलं पान पांढऱ्या बशीत पसरा, चिमट्याने रंगांप्रमाणे ढीग करा. पिवळं-तांबूस ते व्हर्जिनिया, हिरवट-बदामी बारीक ते बहुधा ओरिएंटल, काळं ते लटाकिया. पण इथे घाई नको: काळं कॅव्हेंडिश आणि वाफवलेलं व्हर्जिनियाही काळंच दिसतं. काळ्याचं एकेक पातं बोटात चोळा. शेकोटी, चामडं, डांबर आलं तर लटाकिया. काकवी आली तर कॅव्हेंडिश. लटाकियाचा ढीग ०.२५ ग्रॅम भरला तर साडेबारा टक्के, मंद मिश्रणाला अगदी शोभेलसं. तीसच्या पुढे असेल तर डब्यावर काहीही छापलेलं असो, ते मंद नाही. दाबलेल्या वड्यांवर मात्र हा खेळ चालत नाही. डब्याची तारीखही बघा. व्हर्जिनिया वर्षांनी सुधारतं, लटाकिया वर्षांनी मावळतो. सात-आठ वर्षं पडून राहिलेला मंद डबा खराच मंद झालेला असेल, त्यात कुणाची लबाडी नाही.

नावाचं थोडं: लटाकिया हे सीरियातलं बंदर. आज बाजारात येतो तो बहुतेक सायप्रसचा. उन्हात सुकवलेलं ओरिएंटल जातीचं पान मस्तकी, पाइन, मर्टल असल्या झाडाझुडपांच्या धुरावर टांगून धुरी देतात. दोन्हीकडच्या धुरीची झाडं एक नाहीत, म्हणून जुन्या सीरियन मालाची वर्णनं वाचून सायप्रसच्या पानात वाइनचा गंध शोधत बसू नका.

चव घ्यायची ती तीन वेगळ्या दिवशी, त्याच पाइपात, त्याच वेळी, दर वेळी वजन करून २ ग्रॅम. सकाळी, चहानंतर तासाभराने, उत्तम. पोवई नाक्यावरून कंदी पेढे आणलेत तर ते नंतर खा. भाजलेल्या खव्याची चव जिभेवर बसली की मंद लटाकिया तिच्याखाली गाडला जातो. सांगलीच्या भडंगचा लसूण तर दुपारपर्यंत सोडत नाही. पाइप असा हवा ज्यात व्हॅनिला-चेरीचं काही ओढलेलं नाही. ब्रायर, म्हणजे पाइपचं नेहमीचं लाकूड, ते वास महिनोन् महिने धरून ठेवतं. मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप चाचणीला सगळ्यात प्रामाणिक. नंतर तो लटाकियालाच देऊन टाका, कारण लटाकियाही तितकाच चिवट पाहुणा आहे.

वीस-तीस सेकंदांना एक बारीक घोट. पाइपच्या वाटीची भिंत हाताच्या मागल्या बाजूला पाच-सहा सेकंद टेकवता आली पाहिजे. नाही आली तर पाइप खाली ठेवा, विझू द्या, विझणं म्हणजे नापास होणं नव्हे. २ ग्रॅम वीस मिनिटांत संपले तर तुम्ही तंबाखू चाखलीच नाही. पहिल्या एक-तृतीयांश भागावर मत देऊ नका, तिथे काडीचा आणि वरवरचा वास असतो. शेवटच्यावरही नाही, तिथे सगळं पाणी साठतं. मधला भाग खरा. त्यातला धूर तोंडात धरून थोडासा नाकावाटे सोडा. मंद मिश्रणातला लटाकिया जिभेवर नव्हे, तिथेच सापडतो.

आणि लिहिताना तिकडचे शब्द उसने घेऊ नका. 'कॅम्पफायर' लिहिलेलं वाचून आपण नेमकं काय आठवायचं? माझ्या वहीत व्हर्जिनियाला 'कडब्याची गंजी' किंवा 'तासगावचा बेदाणा' असतं, ओरिएंटलला 'आमसूल' किंवा 'आंबट ताकाची कड', पेरिक हे आंबवलेलं पान असलं तर 'मिरी लावलेला मनुका'. लटाकियाला चार पायऱ्या ठेवल्यात: विझलेली चूल, ऊद, घोड्याचं खोगीर, डांबर. मंद मिश्रण पहिल्या दोन पायऱ्यांवर राहिलं आणि बेदाणा त्याच्याखालून दिसत राहिला तर ते चांगलं. खोगीर मधेच डोकावलं तरी चालेल. डांबर लागलं तर तुम्ही जोरात ओढताय किंवा मिश्रण मंद नाही. आणि नुसता बेदाणाच लागला, धूर कुठेच नाही, तर डबा म्हातारा आहे. हे माझं मत, कुणाला खोगीरच हवं असतं, त्यांच्याशी वाद नाही.

पंचतारांकित शेऱ्यांबद्दल बोलायलाच नको. कोणत्या ओलाव्यावर ओढली हे एकही माणूस लिहीत नाही आणि पाच तारे देऊन मोकळा होतो.

साठवण: रबरी कडीची काचेची बरणी, लहान, गळ्यापर्यंत भरलेली. स्टीलचा डबा हवाबंद नसतो, झाकण कितीही घट्ट वाटो. लोणच्याची बरणी दहा वेळा धुतली तरी नको. कांदा-लसूण मसाल्याच्या कपाटात तर मुळीच नको, मे महिन्यात नवा मसाला घरात आला की त्या फळीवरचं सगळं मसाल्याचंच होतं. फ्रीजही नको.

तुमच्या डब्यात पांढरं काही दिसतंय असं शेवटी ओझरतं म्हणालात. बॅटरीच्या उजेडात बघा. जुन्या व्हर्जिनियावर साखरेचे चमकणारे कण येतात, ते निरुपद्रवी. पण लटाकियाच्या काळ्या पात्यावर साखर यायला नको, आणि कापसासारखं लवदार दिसलं, वास बंद खोलीसारखा आला, तर ती बुरशी आहे. वरचं काढून खालचं वाचवू नका, अख्खा डबा टाका.

बुरशी नसेल तर बल्बखाली वाळवून तीन दिवस बघा आणि परत लिहा, पण या वेळी दोन आकडे द्या: ओटीजीतून निघालेलं सुकं वजन आणि काळ्या ढिगाचं वजन.