नवा बॉल पायथन हात लावला की गोळा होतो, फुत्कारतो. त्याला हाताळायची सवय कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की साप आणून बारा दिवस झाले, रोज संध्याकाळी मित्र बघायला येतात म्हणून तो बाहेर काढला जातो, आणि तो एक तर डोकं आत घेऊन चेंडू होतो नाही तर फुत्कारून झेपावतो. दोनदा खायला दिलं, तोंड लावलं नाही. अहो, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. आजपासून दोन आठवडे त्याला हात लावू नका. पाणी बदला, घाण काढा, झाकण लावा, बस. मित्रांना चहा पाजून वाटेला लावा.

मी नागपुरात मनीषनगरला राहतो, माझी बॉल पायथन मादी आता सहा वर्षांची आहे, आणि पहिल्या महिन्यात मी तुमच्यापेक्षा जास्त गाढवपणा केला होता. मे महिन्यात आणली. घरात सर्वांत गार जागा कुठली, तर कूलरपुढची, म्हणून तिची पेटी कूलरच्या स्टँडला टेकलेल्या टेबलावर ठेवली. दिवसभर गोळा होऊन बसायची, जवळ गेलो की मान इंग्रजी एससारखी वळवून तयार. मला वाटलं, स्वभावच तापट. एकदा वीज गेली, कूलर बंद पडला आणि वीसेक मिनिटांत बाईसाहेब बाहेर येऊन जीभ लपलपवत फिरायला लागल्या. तेव्हा टेबलावर तळहात ठेवून पाहिला. वीज आल्यावर तोच हात नुसता झिणझिणत होता. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून आलेला कंप जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जातो. तिच्यासाठी त्या टेबलावर चोवीस तास गिरणी चालू होती. पेटी समोरच्या भिंतीतल्या कपाटात हलवली आणि आठवडाभरात फरक दिसला.

म्हणून हाताआधी पेटी बघा. हा प्राणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, तिथे दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून राहणारा. अंग दोन्ही बाजूंनी कशाला तरी टेकलं की त्याला बरं वाटतं. बॉल हे नावच मुळात घाबरल्यावर गोळा होण्यावरून पडलंय. तो गोळा गोंडस दिसत असला तरी ती भीती आहे. लपायला दोन घट्ट जागा द्या, एक ऊबदार बाजूला आणि एक गार बाजूला. नाही तर ऊब हवी की आडोसा, यातलं एक त्याला रोज निवडावं लागतं. ऊबदार बाजू 31-32 अंश, गार बाजू 25-27, आणि दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास. नागपुरात मे महिन्यात हीटिंग मॅट लागतच नाही. उलट कूलर नसलेली खोलीच दुपारी 36-37 वर जाते आणि तेवढ्या उष्णतेत साप बेचैन होतो, जिवावरही बेतू शकतं. कूलरची दमट हवा त्याला चालते, थरथर चालत नाही. डिसेंबरच्या रात्री मॅट लागेल, पण थर्मोस्टॅटशिवाय (म्हणजे ठरावीक तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय) लावू नका.

आता जेवण. सलग दोन वेळा त्यानं स्वतःहून खाल्लं की मगच हाताळायला सुरुवात करा. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट पाण्यात ऊब आणून, अंधार पडल्यावर चिमट्यानं द्या. जिवंत उंदीर नको, तो सापाला चावतो. उंदीर ठेवायला वेगळा छोटा फ्रीजर घ्यावा लागला तो आमच्या आईमुळे. "माह्या सांभाराशेजारी उंदीर ठेवशील तर तू आन तुहा साप दोघंबी बाहेर," असं तिनं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर.) खाल्ल्यावर किमान 48 तास उचलू नका, नाही तर तो सगळं ओकतो आणि मग पुढचे कित्येक दिवस वाया जातात.

हाताळायच्या दिवशी आधी साबणानं हात धुवा. सावजीचं चिकन चापून तसेच गेलात तर तुमचं बोट त्याच्या लेखी जेवणच आहे. वेळ संध्याकाळची, उजेड मंद. पेटी उघडून लगेच हात घालू नका. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या नळीनं त्याच्या पाठीला हलकंच टेकवा. आज उंदीर नाही, हात येतोय, हे त्याला त्यातून कळतं. दर वेळी तीच खूण असू द्या. मग हात बाजूनं, खालून न्या. वरून येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी घार. डोकं, मान, शेपटी सोडून शरीराच्या मधल्या भागाखाली तळवा सरकवा.

माझ्या मते सगळं अडतं ते इथे. आपण हात पुढे नेतो, तो फुत्कारतो, आपण मागे घेतो, पुन्हा पुढे नेतो. असा लपंडाव करणारा हात त्याला जास्त घाबरवतो, शिवाय फुत्कारलं की हात जातो हेही तो शिकतो. मनाची तयारी नसेल तर त्या दिवशी पेटी उघडूच नका. उघडली तर सावकाश, पण न थांबता उचला. भीती वाटत असेल तर पहिले चार-पाच दिवस जाड हातमोजे घाला, त्यात कमीपणा काही नाही.

उचलल्यावर जमिनीवर बसा, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. मुठीत धरू नका. तो पुढे सरकेल तसा रिकामा हात पुढे आणा, पायऱ्या मांडल्यासारखा. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे, आठवड्यातून दोन-तीनदा. सुरुवातीला त्याचं अंग पिळलेल्या दोरखंडासारखं लागेल. तीनेक आठवड्यांनी एखाद्या दिवशी तो ताण सुटतो, वजन बोटांवर सैल पडतं, पोटाचे खवले तळव्यावरून एकेक करून सरकताना जाणवतात आणि जीभ सावकाश बाहेर येते. तेव्हाच परत ठेवा, तो पुन्हा घाबरेपर्यंत ताणू नका. याला प्रेम वगैरे म्हणू नका. हा हात मला खात नाही एवढंच त्याला पटलेलं असतं. आमचीला तर अजूनही हेल्मेट घातलेला माणूस खपत नाही.

डोळे दुधाळ निळसर झाले की तो कात टाकणार आहे. त्या काळात नीट दिसत नाही, म्हणून जास्त झेपावतो. कात पडेपर्यंत सुट्टी.

चावलाच तर? बिनविषारी आहे, बारीक टोचल्यासारखं होतं, रक्ताचे ठिपके येतात. भीतीनं चावलेला लगेच सोडतो. खाणं समजून धरलं असेल तर ओढू नका, दात मागे वळलेले असतात. त्याच्या तोंडावर गार पाणी सोडा, आणि मे महिन्यात ते माठातलं घ्या, गच्चीवरच्या टाकीचं नळाला उकळूनच येतं. जखम साबणानं धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

हे सगळं फक्त तुमच्या बॉल पायथनपुरतं. आपल्याकडचा कुठलाही साप, मग ती धामण असो, कवड्या असो की अजगर, घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पावसाळ्यात दरवर्षी कुणी तरी बिनविषारी कवड्या समजून जहाल विषारी मण्यार बाटलीत भरतो. घरात साप निघाला तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. आणि तुमच्या सापाचे कागद तपासा: बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असल्यानं 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणल्यापासून 30 दिवसांच्या आत. बारा दिवस गेलेत.

राहिलं न खाण्याचं. ही जात हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपाशी राहिली तरी धडधाकट असते, त्यामुळे दोन जेवणं नाकारली म्हणून हवालदिल होऊ नका. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. ते सारखं उतरत गेलं तरच सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. काटा मात्र नवा घ्या. मी स्वयंपाकघरातला वापरला होता, ते आमच्या घरी अजून निघतं.