राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत माझ्या मुलीला 11 पैकी साडेसात गुण मिळाले, तरी तेवढेच गुण असलेली दुसरी मुलगी तिच्या वर कशी? (ठाणे)

चूक काही नाही, टायब्रेकमुळे (गुण सारखे असताना क्रमांक ठरवायचे निकष) तसं झालंय, बहुधा त्यातल्या बुकोल्झमुळे. मी ठाणे-नवी मुंबईतल्या स्पर्धांना पंच असतो आणि शेवटची फेरी संपली की पालकांचा हाच प्रश्न हमखास येतो. बुकोल्झ म्हणजे तुमच्या मुलीच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांनी स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज. कट-1 असेल तर त्यातला सर्वात कमी गुणांचा प्रतिस्पर्धी वगळतात. समजा, तिची बेरीज 64 आणि दुसरीची 71 आली, तर दुसरी वर. स्विस पद्धतीत शक्यतो सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून मग सलग जिंकत वर आलेल्या मुलीला मधल्या फेऱ्यांत तुलनेने सोपे प्रतिस्पर्धी मिळतात आणि बेरीज मार खाते. सुरुवातीपासून वरच्या पटांवर खेळून शेवटी हरलेलीला याचा फायदा होतो. मुलांना हे फार लागतं, म्हणून तिला नीट समजावून सांगा.

मात्र टायब्रेकचा क्रम प्रत्येक स्पर्धेत सारखाच असेल असं नाही. कुठे आपसातल्या डावाचा निकाल आधी धरतात, कुठे जिंकलेल्या डावांची संख्या. माहितीपत्रकात तो क्रम दिलेला असतो, आणि चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावरच्या गुणतक्त्यात टीबी1, टीबी2 (पहिला, दुसरा टायब्रेक) या रकान्यांत आकडे दिसतात. फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग मात्र डावांचे निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांचं रेटिंग यावरच ठरतं. क्रमांक घसरल्याने ते कमी होत नाही.