बारा लाखांची खोली

साताऱ्याकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आहे. वय 69, पत्नी गेल्या वर्षी वारल्या. पेन्शन 38,000, घरखर्च 24,000 च्या आसपास, घर स्वतःचं, 31 लाखांच्या मुदत ठेवी. गावाजवळ कर्णबधिर मुलांची विनाअनुदानित निवासी शाळा आहे. पत्नी तिथल्या मुलांचे गणवेश शिवून द्यायच्या. संस्थाचालक म्हणतात, 12 लाखांत वर्गखोली होईल, दारावर पत्नीचं नाव लागेल, शिवाय 80जीखाली, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीखाली, करही वाचेल. पुण्यातला मुलगा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. देऊ का, असं सरांनी विचारलंय.

सर, जरूर द्या. फक्त खोली बांधू नका, आणि बाराही लाख एकदम हातातून सोडू नका.

आधी कराचं संपवू, कारण त्यात फारसं काही नाही. तुमची पेन्शन आणि व्याज मिळून वर्षाला पावणेसात लाखांच्या घरात जातं. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे तुम्हाला आजच कर नाही. त्या प्रणालीत 80जीची वजावटही नाही. वजावटीसाठी जुनीकडे वळलात, तर अशा संस्थेच्या देणगीला इतर वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची मर्यादा आणि त्याच्याही निम्मीच वजावट. 12 लाख देऊन वजावट मिळेल सुमारे 29 हजारांची, आणि ती घेऊनही थोडा कर भरावाच लागेल. संस्थाचालक खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त तुमचा हिशेब मांडला नव्हता.

आता खोलीचं. आपल्याकडे दानाला दिसायची सवय आहे. देवळातल्या पायरीपासून शाळेतल्या पंख्याच्या पात्यापर्यंत ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं. पंखा फिरतो त्या विजेच्या बिलावर मात्र कुणाचं नाव नसतं, म्हणून ते थकतं. मी काही वर्षं एका छोट्या संस्थेचे हिशेब बघायचो. तिच्या कोठीत देणगीतले तीन संगणक प्लास्टिकच्या वेष्टनातच होते, कारण शिकवायला माणूस ठेवायला पैसे नव्हते. मार्च उजाडला की कंपन्यांचे फोन यायचे: चालू वर्षात खर्च दाखवता येईल असं काही आहे का? 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चणं कायद्याने आलं. त्या पैशाने खूप कामं उभी राहिली, पण तो बहुतेक प्रकल्पाला बांधलेला असतो. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चावर पूर्वी 50 टक्के खर्चता यायचे, 2020 च्या दुरुस्तीनंतर 20 टक्केच. मोठे देणगीदार इमारत देतात, यंत्र देतात. पगार कुणी देत नाही.

आणि अशा शाळेत पगार म्हणजेच काम. सरकार तिथे पोचलेलं नाही, आणि ऐपत नसलेल्या आईबापांकडून फी घेऊन कुणी धंदा म्हणून ती चालवणार नाही. मुलाच्या ओठांसमोर आरसा धरून ‘प’ आणि ‘ब’ पन्नास वेळा म्हणून घेणाऱ्या बाई गेल्या, की नवी खोली रिकामीच राहणार. मूल वाढलं की श्रवणयंत्राचा कानातला साचाही बदलावा लागतो, नाहीतर यंत्र शीळ घालतं आणि पोर ते काढून दप्तरात टाकतं. हे खर्च दर वर्षी येतात, म्हणून देणगीही दर वर्षी यायला हवी.

तेव्हा माझ्या मते असं करा. 2 लाख यंदा द्या, श्रवणयंत्रं आणि साचे यांसाठी, तसं पत्रात लिहून. ठेवी मुदतीआधी मोडू नका, जसजशा पिकतील तसे 10 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तिथे सध्या 8.2 टक्के मिळतात, म्हणजे दर तिमाहीला 20,500. तेवढी रक्कम शाळेला, पगारासाठी. हेच 10 लाख संस्थेला कायम निधी म्हणून दिलेत, तर संस्थेला ही योजना खुली नाही. तिला बँकेच्या साध्या ठेवीवर भागवावं लागेल. म्हणजे तेच पैसे तुमच्या नावावर असताना शाळेला जास्त कमावून देतात. शिवाय मुद्दल तुमच्या हातात राहतं. उद्या गुडघा बदलायचा निघाला किंवा हृदयाचं काही झालं, तर खातं मुदतीआधी बंद करता येतं. दोन वर्षांनंतर मुद्दलाचा 1 टक्का कापून घेतात. दिलेली देणगी परत मागता येत नाही, आणि सर, तुम्ही ती मागणारही नाही.

तुमच्या पश्चात हे 10 लाख शाळेला जावेत असं वाटत असेल तर मृत्युपत्र करा. संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा, दोन साक्षीदार घ्या. पण आधी मुलाला समोर बसवून सांगा. बाकी 19 लाख आणि घर त्याच्यासाठी आहे हे कळलं की त्याची चुप्पी बहुधा सुटेल.

पहिला पैसा देण्याआधी शाळेचे तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांचे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याच्या नोंदी, मंजूर आहेत का ते विचारा. विश्वस्तांत वाद पेटला की बँकेतलं खातं गोठतं आणि पोरांच्या जेवणाची पंचाईत होते. मागितल्यावर कागद हसतमुखाने देणारी संस्था बहुतेक बरी असते. पैसे चेकनेच द्या.

न विचारलेलं एक सांगतो. 31 लाखांतले बरेचसे एकाच सहकारी पतसंस्थेत असतील तर हलवा. पतसंस्थेच्या ठेवींना ठेव विम्याचं संरक्षण नसतं. बँकेत ते आहे, पण एका बँकेत माणशी 5 लाखांपर्यंतच. शाळेसाठीची रक्कम पतसंस्थेतूनच काढायला घ्या.

आणि नावाचं म्हणाल, तर शिकवणाऱ्या बाईंच्या नियुक्तीपत्रात एक ओळ घालायला सांगा: मानधन अमुक यांच्या स्मृतिनिधीतून. जमलं तर गणवेशाचं शिलाईयंत्रही देऊन टाका, घरात नुसतं झाकून ठेवलेलं असेल तर.