वाचकांचे प्रश्न : युद्धकाळातील रेडिओ

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील रेडिओचा आवाज संध्याकाळी मध्येच क्षीण होत असे, असे वाचले. हा यंत्राचा दोष होता का? लोक त्या काळी दिवसभर काय ऐकत?

उत्तर : तो दोष नव्हता, खबरदारी होती. प्रक्षेपण केंद्राच्या लहरींवरून शत्रूच्या विमानांना दिशा शोधता येत असल्यामुळे बीबीसीने १ सप्टेंबर १९३९ रोजी आपल्या निरनिराळ्या सेवा एकत्र करून ‘होम सर्व्हिस’ सुरू केली आणि दूरदूरची केंद्रे एकाच तरंगलांबीवर चालवली. विमाने जवळ आली की तेथील केंद्र बंद केले जाई. दूरच्या केंद्रांवरून कार्यक्रम चालू राही, मात्र आवाज मंदावे.

दिवसाची सुरुवात बातम्यांनी होई. सकाळी शिधापत्रिकेवरील जिन्नसांतून स्वयंपाक कसा करावा याची माहिती मिळे, तर जून १९४० पासून कारखान्यांतील कामगारांसाठी अखंड संगीत वाजू लागले. पण खरी ओढ असे ती रात्री नऊच्या बातम्यांची. शत्रूने खोटे प्रसारण केल्यास ते ओळखू यावे म्हणून वृत्तनिवेदक १९४० पासून आपले नाव सांगू लागले, आणि मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे ऐकणाऱ्याला ओळखीच्या आवाजाचा आधार मिळाला.

जर्मनीत मात्र परदेशी केंद्र ऐकणे युद्धाच्या आरंभापासूनच गुन्हा होता. तरीही तेथे कित्येक जण आवाज अगदी बारीक करून, दारे-खिडक्या लावून, लंडनच्या बातम्या ऐकत.