अॅप डिलीट केलं, तरी दर महिन्याला 119 रुपये कटतायत

परभणीहून एका दादांनी विचारलंय. मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत. नवीन मोबाईल घेतला तेव्हा गाण्याचं एक अॅप तीन महिने फुकट मिळालं, पण त्यासाठी यूपीआय ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू करावंच लागलं. जूनच्या शेवटी त्यांनी अॅप डिलीट केलं आणि विषय संपला असं समजले. आता मार्चमध्ये पासबुक भरून आणलं तर जुलैपासून दर महिन्याच्या 5 तारखेला 119 रुपये, अशा नऊ एंट्र्या, एकूण 1071. मधी 14 ऑक्टोबरला त्यांनी कंपनीच्या चॅटवर "बंद करा" असं लिहिलं होतं, तर उत्तर आलं की जिथून घेतलं तिथूनच बंद करा. त्यांचं म्हणणं, पैसे परत मिळतील का, आणि ऑटोपे तोडलं तर नोटीस येईल का, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होईल का. शेवटच्या ओळीत एक गोष्ट आहे, आई जुन्या फोनवर त्याच अकाउंटवरून भजनं ऐकते, मंडळाच्या सरावासाठी दोनशेक डाउनलोड करून ठेवलीत, त्याचं काय होईल.

दादा, आधी भीती काढून टाका. हा प्लॅन महिन्याचे पैसे आधी भरून घ्यायचा आहे, उधारीचा नाही. पुढच्या महिन्याचे पैसे गेले नाहीत तर कंपनी सेवा बंद करते किंवा जाहिरातींच्या फुकट प्लॅनवर टाकते, बस. तुमच्या डोक्यावर कर्ज होत नाही, त्यामुळं सिबिलचा इथं संबंधच नाही. फक्त "वर्षभर घेईन" असं कबूल करून हप्त्यानं भरायचा प्लॅन तर नाही ना तेवढं एकदा बघून घ्या, तुम्ही लिहिलंय त्यावरून तसा वाटत नाही.

आता आजच करायचं काम, फक्त त्याआधी आईच्या भजनांची यादी करा, ती कशी ते शेवटी सांगतो. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट (पैसे कापायची परवानगी) नावाचा भाग असतो, त्यात त्या कंपनीचं नाव शोधा आणि रद्द करा, पिन विचारला तर टाका, आणि रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. अॅप डिलीट करणं म्हणजे फक्त फोनमधून चित्र पुसणं, अकाउंट आणि मँडेट दोन्ही तिकडं जिवंतच राहतात, यात निम्मी माणसं फसतात. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन तिथूनबी बंद करा. खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत हा उपाय मुळीच करू नका. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका, तिथं खोटे नंबर टाकून बसलेले लोक स्क्रीन शेअर करायला लावतात आणि खातं साफ करतात, तसं कुणासोबत झालंच तर लगेच 1930 ला फोन.

आता पैशाचं. तुमच्या नऊ एंट्र्या मी दोन भागात करतो, कारण कायद्यात दोन्हीचं वजन सारखं नाही. 14 ऑक्टोबरच्या आधीच्या चार, म्हणजे 476 रुपये, आणि नंतरच्या पाच, म्हणजे 595. आधीच्या चारात तुम्ही कंपनीला "नको" असं कुठंच सांगितलेलं नाही, म्हणून ती बाजू कच्ची आहे. पण एक बघा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशी आपोआप रक्कम कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला मेसेज गेला पाहिजे, त्यात कुणाला किती आणि कधी जाणार ते असलं पाहिजे, आणि नको म्हणायची सोय असली पाहिजे. फोनमधले 3 आणि 4 तारखेचे मेसेज एकेक करून शोधा, ईमेलबी बघा. मेसेज आलेच नसतील तर बँकेला लेखी तक्रार द्या, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं. मेसेज आले असतील तर त्या 476 साठी फार आशा धरू नका, मी खोटी आशा लावणार नाही.

595 ची बाजू पक्की आहे. तुम्ही स्पष्ट शब्दात बंद करा म्हणलात, त्यांनी तुम्हाला दुसरीकडं धाडलं आणि पैसे कापत राहिले. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्र सरकारनं डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे अॅप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 13 प्रकार सांगितलेत आणि त्यातला एक नेमका हाच, सबस्क्रिप्शनचा सापळा, म्हणजे बंद करायचा रस्ता लपवणं, अवघड करणं, किंवा फुकटच्या प्लॅनसाठी ऑटोपे द्यायला भाग पाडणं. तुमच्याकडून तीन महिने फुकट म्हणून ऑटोपे घेतलं, हेसुद्धा तक्रारीत लिहा. 14 ऑक्टोबरची चॅट हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, तिचा स्क्रीनशॉट आजच काढा, अशा चॅट कधी गायब होतील सांगता येत नाही.

पण आईची गोष्ट लपवू नका. तुमचं अकाउंट तिच्या फोनवर चालू होतं, ती ऐकत होती, आणि कंपनीकडं कोणत्या दिवशी किती वाजता ऐकलं त्याची नोंद असते. "वापरलंच नाही" असं लिहिलं आणि त्यांनी नोंद काढून दाखवली तर खरी असलेली तक्रारबी पडते. सरळ लिहा की बंद करायला सांगितलं होतं, बंद केलं नाही, म्हणून घरच्यांच्या फोनवर चालू राहिलं. पूर्ण 595 मिळतीलच असं सांगत नाही, पण मागणी रास्त आहे.

पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, 2020 च्या ई-कॉमर्स नियमानुसार त्यांना 48 तासात पोच द्यावी लागते आणि महिन्यात निकाल लावावा लागतो. तिथं काही झालं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोला. एवढ्यानं बऱ्याच लहान रकमा सुटतात. नाहीच तर परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग, ऑनलाइनबी अर्ज होतो, 5 लाखापर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. कंपनीच्या टर्म्समध्ये (अटींमध्ये) वाद आमच्याच शहरात किंवा लवादाकडं, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडं, असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, आणि लवादाच्या कलमानं ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सांगितलंय. मात्र 595 साठी तारखांना आडत सोडून यायचं का, ते तुम्ही ठरवा. मी असतो तर 1915 पर्यंत नक्की गेलो असतो.

आता भजनं. डाउनलोड केलेली गाणी तुमच्या मालकीची नाहीत, पैसे चालू आहेत तोवर त्याच अॅपमध्ये वाजतात, पेनड्राइव्हवर जात नाहीत. प्लॅन बंद झाला की नेट नसताना वाजायची थांबणार. वर्षाला 1428 रुपये होतात, आणि त्याची किंमत आहे का हे तुम्ही नाही, आईनं सांगायचं. ती रोज संध्याकाळी पेटीवाल्याला बसवून त्याच चालीवर सराव करत असेल तर हे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. नुसतं कानावर पडावं म्हणून असेल तर फुकटचा प्लॅन आहे, सकाळी आकाशवाणी परभणी आहे. ठेवायचं ठरलं तर ऑटोपे न देता एकदाच पैसे भरायचा पर्याय मिळतो का बघा, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही भराल तेव्हाच जातील.

मँडेट तोडायच्या आधी तिच्याजवळ बसा आणि त्या दोनशेतली कोणती लागतात ते वहीत उतरवून घ्या, नाव आणि गाणाऱ्याचं नाव दोन्ही, कारण यादी अॅपमध्ये अडकली तर तिला एकेक आठवत बसावं लागंल. पुढची 5 तारीख जवळ आलीय, 3 च्या आत हे सगळं उरकून घ्या.